तळ्यामागचा डोंगर

रंगमास्तरांनी आयुष्यात एकच गाव वसवलं, आणि तेही ब्लेडनं. कॅलेंडर छापणाऱ्या प्रेसमध्ये ते तीस वर्षं होते. आकाश फिकं असलं की निळं करायचं, गवत वाळलेलं असलं की हिरवं करायचं, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे ते स्वतःच सांगत, कोणी विचारलं नाही तरी.

एका वर्षी मालकांनी परदेशातल्या तळ्याकाठच्या एका आडगावाचा फोटो आणला. लाल कौलांची घरं, स्वच्छ पाणी, पण मागे नुसतं मोकळं आकाश. "डोंगर नसला तर गिऱ्हाईक हात लावत नाही," मालक म्हणाले. मास्तरांनी दुसऱ्या पाकिटातून दुसऱ्याच गावाची फिल्म काढली. तिथे बर्फाचा डोंगर होता, पण पाण्याचा टिपूस नव्हता. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर दोन्ही फिल्म कापून त्यांनी झाडांच्या रांगेत सांधा असा लपवला की मालकांनाही सापडेना. पाण्यात डोंगराची सावलीसुद्धा पाडली.

ते कॅलेंडर घरी आलं. बायको घरबसल्या शिंप्यांच्या शर्टांची काजं-बटणं करायची. हातातला शर्ट तसाच ठेवून ती बघत राहिली. "अहो, असं गाव खरंच असतं?"

"असतं तर!" मास्तर म्हणाले. कौतुक चाललेलं असताना सांधा कोण दाखवतो?

वर्ष संपल्यावर तिनं तारखा कापून टाकल्या, चित्राला चौकट करून घेतली आणि शिलाई मशीनच्या वर टांगली. बावीस वर्षं काजं करता करता ती मान वर करायची आणि त्या गावाला जाऊन यायची.

मग तिचा खांदा दारांना आपटायला लागला. हातातली सुई दिसायची, शेजारची कात्री सापडायची नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, तोही फार उशिरा. नजर कडेकडेनं मिटत येईल, फार तर वर्ष मिळेल. बायको रडली नाही. घरी येऊन म्हणाली, "मला ते गाव बघायचंय. डोळे आहेत तोवर."

"जाऊ की," मास्तर म्हणाले.

तिकिटं लेक काढणार होती. "बाबा, गावाचं नाव काय?" तिनं विचारलं, तेव्हा तिला एकटीला गाठून त्यांनी सगळं सांगितलं. एक गाव त्या देशाच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. बायकोची तब्येत आणि घरातली शिल्लक, दोन्ही एकाच गावाला पुरणारी.

"आईला सांगून टाका. तिचं तिला निवडू दे."

"बावीस वर्षांचं चित्र तिच्या डोळ्यांदेखत फाडू?"

"मग तुम्ही निवडा. पण लवकर."

लवकर! निळ्याची एक छटा ठरवायला दोन दिवस घेणारा हा माणूस. तळ्याच्या गावी रस्ता सपाट, खोली पाण्याला लागून. डोंगराच्या गावी चढ आणि शंभर पायऱ्या. सकाळी तळं ठरायचं, संध्याकाळी डोंगर. चार महिने त्यांनी असा घोळ घातला. खरं तर घोडं गावावर अडलंच नव्हतं. कुठेही गेलं तरी अर्धं चित्र नसणार, ते तिला सांगायचं कसं, तिथे अडलं होतं. त्या चार महिन्यांत बायकोची नजर बांगडीएवढी उरली. शेवटी पायऱ्यांना भिऊन त्यांनी तळं निवडलं. डोंगराचं तिथे गेल्यावर बघू म्हणाले.

गाव तसंच होतं. बायकोनं मान हळूहळू फिरवत, शिवण तपासावी तसं एकेक घर पाहिलं. कौलांवर बोट फिरवल्यासारखं केलं, हसली. मग मान वर केली.

"डोंगर कुठाय हो?"

"ढगात आहे. उद्या दिसेल."

त्या दिवशी ढग होते, निदान तेवढं खरं होतं. दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख उघडलं, तरी मास्तरांनी ढग हटू दिले नाहीत. तिला एवढ्या लांबचं काय दिसणार, असं ते धरून चालले. तिनं पुन्हा विचारलं, "ढगच?" ते म्हणाले, "ढगच." तिनं त्या बांगडीएवढ्या नजरेत त्यांचा चेहरा धरला, बराच वेळ धरला, आणि सोडून दिला. तिसरा दिवसही ती पाण्याकाठच्या बाकावर बसून होती. खोटं बोलायला म्हणे हिंमत लागते. यांच्यात ती नव्हती, म्हणूनच तर ते खोटं बोलत होते.

परतीच्या सकाळी बॅगा दाराशी होत्या. ती बाकावरून म्हणाली, "आकाश निळं आहे. एवढं मला अजून दिसतं."

मग मास्तरांनी सांगितलं. पाकिटं, ब्लेड, सांधा, सगळं.

"पण ते डोंगराचं गाव खरं आहे ना?"

"आहे."

"आणि निघताना तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

ती वाकली, चाचपत तिनं तळ्यात हात बुडवला. पाणी गार होतं.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली. "पाणी मला हातानं कळतं. आंधळी झाल्यावरही कळलं असतं. मी डोंगर मागितला असता."