आईच्या वांग्याचं बी

आमच्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत भाजीपाला लावायचा, घरटी एक वाफा, असं सोसायटीनं ठरवलं. तेही कधी, तर सलग दुसऱ्या दुष्काळात! पुंडलिकनगरात मी फ्लॅट घेतला तेव्हा मागच्या खिडकीतून ज्वारीचं रान दिसायचं. बघता बघता रानाचे प्लॉट पडले, प्लॉटवर इमारती आल्या, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायला लागलं. म्हणून नियम असा की नळाचं, बोअरचं किंवा टँकरचं पाणी वाफ्याला घालायचं नाही. "मग काय थुंकून भाजी काढायची?" असं मी मीटिंगमध्ये विचारलं. सेक्रेटरींना ते आवडलं नाही. मी वाफा घेतला नाही.

मग आई आली. सिल्लोडकडच्या आमच्या गावात विहिरीचा तळ उघडा पडला होता, म्हणून मीच तिला जवळजवळ ओढून आणली. येताना तिनं दोन लुगडी आणि फडक्याची एक पुरचुंडी आणली. पुरचुंडीत राखेत घोळलेलं वांग्याचं बी होतं. लग्नानंतर तिनं ते माहेराहून, तिच्या आईकडून आणलेलं. दरवर्षी विहिरीच्या कडेला चार झाडं लावायची आणि त्यातलंच बी पुढच्या वर्षासाठी धरायचं, असं तिनं आयुष्यभर केलं. आता माहेरीही ते वाण कुणाकडं उरलं नव्हतं. आणि दोन वर्षं तिला ते लावता आलं नव्हतं.

"औंदा नाय लावलं तर मरंल ते," ती म्हणाली. "लई जुनं झालंय."

मी मुकाट्यानं खाली गेलो आणि सेक्रेटरींकडून वाफा मागून घेतला. कोपऱ्यातला उरला होता, मुरमाड. त्यांनी टोमणा मारायची संधी अर्थातच सोडली नाही.

आईनं बाल्कनीतल्या फुटक्या टबात बी टाकायला घेतलं. निम्मं परत बांधून ठेवायचं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, "कशाला? पुढच्या वर्षी उगवणार आहे का ते? टाक सगळं." ती जरा घुटमळली. मग लेक शिकलेला आहे, असं समजून तिनं पुरचुंडी टबात झटकली. त्यातली अकरा रोपं धरली. तिनं ती स्वतः वाफ्यात लावली आणि त्यांना ती तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी तांब्यानं घालायची. चार दिवसांनी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"पाण्याची सोय मी करतो, तू काळजी सोड," मी म्हणालो.

आणि केली की सोय! त्या सोयीचा मला केवढा तोरा होता. आमच्याकडं बोअरचं पाणी जड, म्हणून घरोघर पाणी शुद्ध करायचं मशिन. ते मशिन तांब्याभर पाणी गोड करतं आणि दोन-तीन तांबे पाणी नळीवाटे मोरीत सोडून देतं. मी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत त्या नळ्यांखाली बादल्या लावल्या. ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर बादल्या खाली न्यायच्या. सेक्रेटरींनी ग्रुपवर माझा फोटो टाकला. पाणी कसं वाचवावं ते यांच्याकडून शिका, असं खाली लिहिलं. मी तो फोटो आईला दाखवला. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसऱ्यानं ती हसली.

आठ-दहा दिवसांनी पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, तहान. मी आणखी दोन बादल्या वाढवल्या. मातीवर पांढरं दिसायला लागलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, हे मिठासारखं दिसतंय." मी तिच्यावर खेकसलो, "तू कधी शेत केलंस?" जसं काही मी केलं होतं! दहावीनंतर मी गावाकडं फक्त सणाला जात होतो.

आई रोज विचारायची, "कशी हायेत?"

"मस्त."

"नवी पानं फुटली?"

"फुटली की."

अकरावं रोप मेलं त्या संध्याकाळी मी बोटावर ती पांढरी माती घेतली आणि जिभेला लावली. खारट ढाण. मशिन पाण्यातला सगळा खार वेगळा काढतं आणि तोच त्या नळीतून बाहेर सोडतं. मी इंजिनिअर आहे. हे मला माहीत होतं. वर्षानुवर्षं माहीत होतं! तिथंच वाफ्याच्या कडेला बसलो आणि स्वतःला दोन कानाखाली द्याव्यात असं वाटलं.

खरं सांगायला हवं होतं. पण मी काय केलं, तर रविवारी वरची वीतभर माती काढून टाकली, पोत्यातली नवी माती भरली, बायपासवरच्या नर्सरीतून वांग्याची रोपं आणली आणि अकराच्या अकरा त्याच जागी लावली. त्यांना मी घरातलं प्यायचं पाणी घातलं. बायको बघत होती.

महिना झाल्यावर आई काळा चष्मा लावून खाली उतरली. सेक्रेटरी धावत आले. "बघा आजी, लेकानं कसं पोटच्या पोरासारखं जपलंय!" आई वाफ्याशी बसली. तिनं एक पान उलटं केलं आणि मधल्या शिरेवरून अंगठा फिरवला. मग देठ चाचपला. तिच्या वांग्याला पानाच्या शिरेवरसुद्धा काटे असायचे. हे पान गुळगुळीत होतं. तिचा हात दुसऱ्या रोपाकडं गेला, तिसऱ्याकडं गेला, आणि मग तिनं तो पदराला पुसला.

"व्हय," ती सेक्रेटरींना म्हणाली. "लई जपलं पोरानं."

वर येईपर्यंत मी कसाबसा धीर धरला. दार लावलं आणि सगळं ओकलो: बादल्या, खार, नर्सरी. "चुकलो गं आई. मीच मारलं." मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, हुंदके देत होतो.

ती खुर्चीत बसून होती. चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते.

"एक तरी बी ऱ्हायलं आसंल का रं टबात?"

आम्ही दोघांनी बाल्कनीतला टब वर्तमानपत्रावर उपडा केला. मी बोटांनी माती चाळली. ती शेजारी उकिडवी बसून बघत होती. काहीच नव्हतं. तिनं माती परत टबात भरली, कागद झटकून त्याची घडी घातली.

"तुला आठवती का त्याची चव?" तिनं विचारलं. "म्या मेल्यावर कुणाला तर ठाव पायजे."

"आठवते की," मी म्हणालो.

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. लहानपणी मी ताटातली वांगी बाजूला सारायचो आणि ती ओरडायची, एवढंच आठवत होतं. कशी व्हती, सांग बरं, असं तिनं विचारलं नाही.