नेऱ्याच्या आमराईतला जपानी भोंडला

"आई, एकदा बघ तरी. मग नाही म्हण," सायली म्हणाली, आणि मी मुकाट्याने पिशवी भरली. ही माझी लेक. पुण्यात जपानी शिकली, आणि आता तिकडच्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी लागलीय. व्हिसाही आलाय. अडलंय ते माझ्या होकारावर. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे तो काही तोंडातून निघेना. पनवेलजवळ नेऱ्याला जपानी मंडळींचा मेळावा आहे, तिथे मला तो देश थोडा कळेल, असा तिचा बेत. पुण्याहून निघायचं, पनवेलला उतरायचं आणि जपान बघायचा! माझं डोकं तिथूनच चक्रावलं.

जाणार असाल तर सकाळची एसटी धरा, घाटात गाड्या तुंबायच्या आत उतरता. पनवेल स्टँडबाहेर रिक्षा मिळते, पण परतीचंही तेव्हाच ठरवून टाका. संध्याकाळी नेऱ्याहून वाहन मिळायची मारामार. आमचे रिक्षावाले काका नेऱ्याचेच निघाले.

"त्या फार्महाऊसवर आज लगीन हाय काय? सकालपासून मानसं सोडतोय. पन नवरा काय दिसला नाय."

"लग्न नाही हो, जपानी लोकांचा सण आहे."

"मंग आमच्या नेऱ्यात कशाला?"

आता यांना काय सांगणार? मला तरी कुठे माहीत होतं!

आंब्याच्या झाडांना कागदी कंदील टांगलेले, मागे प्रबळगड, आणि गवतावर किमोनो घालून फिरणाऱ्या आपल्याच कॉलेजच्या मुली. नवी मुंबईत नोकरीनिमित्त राहणारी जपानी कुटुंबं होती, भाषा शिकणारी आपली मुलं होती. एका टेबलावर समुद्रातल्या शेवाळात गुंडाळलेले भाताचे गोळे आणि शेजारच्याच टेबलावर वडापाव. शाकाहारी असाल तर सूप घेताना विचारून घ्या बरं का. त्यात मासा असतो आणि तो दिसत नाही. मी दहीभाताचा डबा नेला होता, तो कामी आला.

मधल्या मंचावर मोठा ढोल वाजायला लागला आणि बायका त्याच्याभोवती फेर धरून नाचू लागल्या. अगं बाई, हा तर भोंडला! हत्तीच्या जागी ढोल, एवढंच. मी पदर खोचून घुसले. मी आपली पुढे पुढे चाललेय, तर बाकीच्या मध्येच एक पाऊल मागे आल्या आणि मी एका जपानी आजोबांवर जाऊन आदळले. चूक माझी, माफी तेच मागायला लागले. ते वाकले, मी वाकले, ते पुन्हा वाकले. थांबायचं कुणी आधी, हे काही कळेना.

"हा नाच घरी आलेल्या पितरांसाठी असतो," सायली म्हणाली.

"पितरांसाठी? आणि नाचताय?"

आपल्याकडे पितृपक्षात कुणी साधं नवं कापड घेत नाही. ह्यांच्या तिथीला मी खीर-वडे करते आणि कावळ्याची वाट बघत बसते. नाचले असते तर दीर-जावांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं. हे बरं की ते बरं, मला काही ठरवता येईना. पण ह्यांची आठवण मात्र फार आली.

जेवायला हारुकोबाईंशेजारी बसलो. मेळावा त्यांनीच भरवला होता. तरुणपणी नोकरीसाठी एकट्या भारतात आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांनी मला काड्यांनी खायला शिकवलं. महत्प्रयासाने एक भोपळ्याचं भजं माझ्या काड्यांत अडकलं! आता पहिला घास लेकीला नको का द्यायला? मी पुढे केला, सायलीने तो तिच्या काड्यांत धरला, तोच हारुकोबाईंनी मध्ये हात घातला. भजं खाली पडलं आणि आजूबाजूची माणसं आमच्याकडे बघायला लागली.

सायलीचा चेहरा उतरला. "आई, तिकडे दहनानंतर अस्थी अशा काड्यांतून काड्यांत देतात. म्हणून जेवताना असं करायचं नसतं. मला माहीत होतं गं, पण तू घास पुढे केलास आणि मी विसरलेच."

लेकीला घास भरवायला गेले आणि हे काय करून बसले मी! हारुकोबाईंनी माझा हात धरला, दुसरं भजं माझ्या बोटांत दिलं आणि सायलीकडे बोट दाखवलं. "हाथ से. हाथ से अच्छा."

मी भरवलं. मग सायलीला म्हटलं, "विचार त्यांना, इतक्या लांब यायला त्यांची आई हो म्हणाली होती का?"

हारुकोबाई जपानीत बराच वेळ बोलल्या, खाली बघत. सायली म्हणाली, "हो म्हणाली होती, असं सांगतायत."

एवढ्या बोलण्यातून फक्त 'हो'? रिक्षात, एसटीत, घाट चढतानाही मी तेच घोकत होते.

दुसऱ्या दिवशी घरी चहा घेताना विचारलंच. "खरं सांग, काय म्हणाल्या त्या?"

सायलीने कप खाली ठेवला. "त्यांची आई नाहीच म्हणाली होती. रागाने विमानतळावरही आली नाही. नंतर त्यांची भेट झालीच नाही, त्याआधीच ती गेली. हो म्हणाली नसती तरी चाललं असतं, म्हणाल्या, नुसती सोडायला यायला हवी होती."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"घाबरून हो म्हणाली असतीस. मला तसलं हो नकोय."

जपान मला कळला का? छे! पितरांसाठी नाचतात काय, चूक नसताना माफी मागतात काय. नेऱ्याला जरूर जा, दहीभात न्या, पण काही कळेल या आशेने जाऊ नका. होकारही अजून दिलेला नाही मी, तोंडातून निघतच नाही तो.

एवढंच म्हटलं, "तुझ्या विमानाची वेळ सांगून ठेव. मी येणार आहे सोडायला."