भाषणाला बसलेले सात गडी

माझ्या बापाच्या पायाला जखम झाली की ती पाऊस पडेपर्यंत भरत नसे. मिठागरात दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं. जखमेला सुकायला सवडच मिळत नसे. आमच्या खाडीकाठच्या गावात घरोघरी असेच पाय होते. थोरला भाऊ दहाव्या वर्षी मिठागरात उतरला. मला मात्र बापाने शाळेत घातलं, आणि मी शाळेला चिकटलो तो थेट बी. ए. होईपर्यंत. गावातला पहिला. याचा मला तेव्हा अभिमान होता, आजही आहे.

पनवेलच्या एका हायस्कुलात मी ड्रिलमास्तर म्हणून लागलो. कॅनव्हासचे पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. बाप पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा त्याने बूट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "यान पानी जात नाय?"

नोकरी टेम्पररी होती. पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं, हे लवकरच ठरणार होतं. माझी फाइल हेडमास्तरांच्या टेबलावर पडली, आणि नेमकी तेव्हाच छप्पन सालची सव्वीस जानेवारी आली.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे जाणार, असं नुकतंच जाहीर झालं होतं. मुंबईत गोळीबार झाला होता, माणसं गेली होती. पनवेलच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, "घरत, झेंडावंदन, पाहुण्यांचं भाषण आणि मग हुतूतूचा सामना. सगळं तुमच्याकडे. गडबड नको."

सामना होता पनवेलच्या व्यायामशाळेचा आणि आमच्या गावाचा. पंच मीच. व्यायामशाळेचा कप्तान गजानन, पेठेतल्या दुकानदाराचा मुलगा, तोंडाने तिखट. आमच्या गावाचा कप्तान नामा, माझा चुलतभाऊ. आमच्या बोलीत 'ह' गळतो, त्यामुळे आमचे गडी चढाईला 'उतूतू, उतूतू' करत जात. गजानन दर वर्षी तक्रार करायचा, "मास्तर, यांचा दम धरू नका. यांचा ह घरी राहिलाय." नामा म्हणायचा, "तुजा ह तुज्याकरं ठेव. मी तुजा पाय नेतंय."

झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं. चौदाही गडी सावधान उभे होते. आमच्या गड्यांना मीच महिनाभर ड्रिल शिकवली होती. अंगठासुद्धा हलला नाही, हे मी समोरून पाहिलं. मग मी दोन्ही संघांना विश्राम दिला. लोक ताडपत्रीवर बसले, पाहुणे भाषणाला उभे राहिले. जिल्ह्याहून आलेले मोठे साहेब होते. बोलता बोलता म्हणाले, "मुंबई नाही मिळाली म्हणून काय बिघडलं? हे भाषेचं खूळ आता सोडा."

नामाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो रेषेबाहेर गेला आणि मांडी घालून बसला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. सातही गडी ओळीने बसले.

साहेब थांबले. मी धावत गेलो. "नाम्या, ऊठ! काय चाललंय?"

"बाद झालो, मास्तर," नामा मोठ्याने म्हणाला. "मुंबय बाद, तं आमी पन बाद."

मैदान उसळलं. अर्धे लोक टाळ्या वाजवायला लागले. अर्धे ओरडायला लागले, "हाकला यांना! देशद्रोही!" दोघांनी चपला काढल्या. तेवढ्यात मान्यवरांच्या खुर्च्यांतून तात्या उठले. खादीची टोपी, हातात काठी. बेचाळीसला तुरुंगात गेलेला माणूस. पनवेलमध्ये त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे. काठी रोखून त्यांनी विचारलं, "झेंड्यासमोर बसता? या झेंड्यासाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या!"

नामा झटकन उठला. हात जोडून म्हणाला, "तात्या, झेंड्याला आमी उबं रायलो. भाषनाला बसलो. भाषनाला तुमी पन बसलंवच ना?"

आणि पुन्हा खाली बसला.

तात्यांनी मागे वळून आपल्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांना हसू आवरेना. पण मागच्या बाजूला ढकलाढकली सुरू झाली होती. आता पाच मिनिटांत मारामारी होणार हे दिसत होतं. त्यात गजानन ओरडला, "मास्तर, यांचे सातही मेले! आम्हाला लोण द्या की!"

तो चेष्टा करत होता, पण माझ्या डोक्यात उजेड पडला. लोण म्हणजे काय ते सांगतो. हुतूतूत गडी बाद झाला की तो मेला, बाहेर जाऊन बसला. एका बाजूचे सगळेच मेले की समोरच्यांना दोन जादा गुण मिळतात, त्याला लोण म्हणतात. आणि लोण झाला की मेलेले सगळे गडी उठून पुन्हा आत येतात. यावंच लागतं. नियम आहे.

मी जोरात शिट्टी वाजवली. हात वर केला. "लोण! पनवेलला दोन गुण! सगळे गडी जिवंत! खेळ सुरू!"

मग ताडपत्रीवर जो हशा पिकला तो मी आयुष्यात विसरणार नाही. चपला काढलेले दोघे चपला पायात घालून रेषेजवळ जागा धरायला धावले. नामा माझ्याकडे बघतच राहिला. "मास्तर, खेलाच्या आदीच लोण?"

"नियम आहे. ऊठ."

नियमापुढे आगरी गडी वाद घालत नाही. सातही उठले. साहेब मात्र भाषण अर्धं टाकून जीपमध्ये बसले आणि गेले. सामना रंगला. आमचं गाव एका गुणाने हरलं. म्हणजे लोण नसता तर जिंकलं असतं. नामाने माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढचा आठवडा बाजारातून चालणं म्हणजे कसरत होती. हॉटेलवाला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्याच्या शेजारचा कापडवाला मला बघून पाठ फिरवायचा. मासळीबाजारात एक कोळीण ओरडली, "ए बसक्या मास्तरा! ये, तुज्यासाटी बोंबील ठेवलंय!" एका पालकाने मुलाला ड्रिलला पाठवणं बंद केलं. एक निनावी पोस्टकार्ड आलं. पत्ता एवढाच: 'देशद्रोही ड्रिलमास्तर, पनवेल'. पोस्टमनने ते न चुकता माझ्याच हातात दिलं. मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं मीच तो?" तो म्हणाला, "पनवेलला ड्रिलमास्तर दुसरा आहे कुठे?"

मग वरून कागद आला. राष्ट्रध्वजाचा अपमान झाल्याची तक्रार, लेखी खुलासा द्यावा. हेडमास्तरांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"घरत, लिहा की खेळाडू बेशिस्त होते, त्यांना यापुढे मैदानावर येऊ देणार नाही. विषय संपेल. तुमची फाइलही पुढे सरकेल."

"सर, बेशिस्त नव्हते. राष्ट्रगीताला ते हलले नाहीत."

"तो कप्तान तुमचा कोण?"

"चुलतभाऊ."

"मग हे तरी लिहू नका."

"हे पहिल्यांदा लिहितो, सर. नाही लिहिलं तर बाकीचं खरं कोण मानेल?"

मी खुलासा एका पानात लिहिला. काय झालं, कोणत्या क्रमाने झालं. कप्तान माझा भाऊ आहे. राष्ट्रगीताच्या वेळी सातही गडी सावधान उभे होते. ते भाषणाच्या वेळी बसले, आणि निषेध म्हणूनच बसले. कारण त्यांनी मोठ्याने सांगितलं. शेवटचं वाक्य असं: 'सदर भाषणाच्या वेळी वक्ते सोडून व्यासपीठावरील सर्व मान्यवर व सर्व प्रेक्षकही बसलेले होते.'

हेडमास्तरांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. त्यांचे खांदे हलायला लागले. "घरत, हे पाठवलं तर तुमच्याबरोबर मीही जाईन."

तेवढ्यात दार वाजलं. तात्या. कागदाची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. खुलासा उभ्या उभ्या वाचून त्यांनी पेन मागितलं आणि खाली लिहिलं, 'मीही बसलो होतो', आणि सही ठोकली. म्हणाले, "आता मला विचारा म्हणावं, मी झेंड्याचा अपमान केला का."

उत्तर यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मी बूट रोज पुसायचो. किती दिवस घालायला मिळतील माहीत नव्हतं. बाप दर रविवारी एकच प्रश्न विचारायचा, "नोकरी रायली का?" मी म्हणायचो, "अजून हाय."

शेवटी उत्तर आलं. दोन शब्द: 'नोंद घेतली.' जूनमध्ये मी पर्मनंट झालो. बापाला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग आता नाम्याशी बोल." नामा आधीच दारात उभा होता. "मास्तर," तो म्हणाला, "लोण तेवरा वापस द्या."

तो परत द्यायला चार वर्षं लागली. साठ साली, एक मे रोजी त्याच मैदानावर महाराष्ट्र राज्याचा सोहळा झाला. मुंबईसह. तेच दोन संघ, पंच मीच. बाप पहिल्या रांगेत, पायात मी घेऊन दिलेल्या वहाणा. झेंड्याला सगळे उभे राहिले. भाषणाला सगळे बसले, तात्यासुद्धा, आणि बसताना त्यांनी नामाकडे बघून काठी हलवली.

मी नाणेफेकीला दोन्ही कप्तानांना बोलावलं. नामा आला. गजानन आलाच नाही. वळून पाहतो तर तो रेषेबाहेर मांडी घालून बसलेला, आणि त्याच्या शेजारी व्यायामशाळेचे बाकीचे सहा.

"मास्तर, आम्ही बाद," तो ओरडला. "छप्पन सालचं परत करायचंय. वाजवा शिट्टी!"

मी शिट्टी वाजवली. हात वर केला. तिथे माझा आवाज थोडा फुटला, हेही लिहून टाकतो. "लोण! खाडीकाठाला दोन गुण! सगळे गडी जिवंत!"

नामा पहिल्या चढाईला 'उतूतू, उतूतू' करत निघाला, आणि पनवेलचे सातही गडी त्याच्याबरोबर 'उतूतू' करायला लागले.

पस्तीस वर्षं मी पंच होतो. शिकलो ते एवढंच: भांडण सोडवायला शहाणपण कमी असलं तरी चालतं, नियम पाठ हवेत.

सामना आम्ही तरीही हरलो. महाराष्ट्र मात्र मिळाला.