काचेच्या विटांची खिडकी

रियाधच्या अल मलाझ भागातली ती व्हिला जुनी होती. जाड भिंती, बुटकी दारं, मागे छोटं अंगण. मालकाला त्या अंगणात पुरुष पाहुण्यांच्या बैठकीसाठी नवी खोली, मजलिस, हवी होती. इंग्लंडमध्ये शिकताना तो व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका घरात भाड्याने राहिला होता. त्या विटांच्या घराला मागून काचेची आधुनिक खोली जोडलेली होती. तिचा फोटो त्याने माझ्या नवऱ्यासमोर ठेवला. "अगदी अशी."

नवरा तिथे एका इंजिनिअरिंग ऑफिसात आर्किटेक्ट होता. घराचा मागचा भाग बायकांचा. परक्या पुरुषाला तिथे मज्जाव. अशा घरांत मालक सांगेल तीच मापं धरत आणि भिंतींची जाडी हमखास चुकायची. म्हणून टेप देऊन मला पाठवण्यात आलं.

"कोल्हापुरात बातमीदारी केलीस ना?" नवरा म्हणाला. "दिसेल ते लिहून आण. अग्रलेख नको."

अंगणाला लागून असलेल्या खोलीत मालकाची आई राहत होती. काचबिंदूने नजर गेलेली; फक्त उजेड आणि अंधार कळायचा. पलंग खिडकीला टेकवलेला. टेपचा आवाज ऐकून तिने हात पुढे केला आणि पत्र्याची पट्टी चाचपली.

"अम्मा पूछरे, क्या नापरे तुम?" हैदराबादची मोलकरीण म्हणाली.

"खिडकी."

"अम्मा की घड़ी है वो, बाजी. धूप पाँव को लगी तो जुहर, मुँह पे आई तो असर. अज़ान बाद में होती, अम्मा पहले बोलते."

मी खिडकीचं माप लिहिलं. खाली मोलकरणीचं वाक्यही लिहिलं: पायावर ऊन, दुपारचा नमाज; तोंडावर ऊन, तिसऱ्या प्रहराचा.

मजलिस याच भिंतीला लागून येणार होती. बायकांची खिडकी पुरुषांच्या बैठकीत उघडत नाही; ती बुजवावी लागते. नवऱ्याने पहिल्या आराखड्यात दोन्हींच्या मध्ये मोकळी पट्टी सोडली. वरून ऊन खिडकीपर्यंत येईल, एवढी. मजलिस तेवढी अरुंद झाली.

मालकाने कागद सरकवला. "पाहुण्यांना बोळात बसवू?"

"तुमच्या आईंना उजेड कळतो. खिडकी गेली तर..."

"माझ्या आईला काय कळतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

नवऱ्याने कागद गुंडाळला. दुसऱ्याच्या घरातल्या बाईचा विषय काढायचा नसतो, तिची विचारपूसही करायची नसते, हे त्याला माहीत होतं. बोलण्याच्या ओघात तो विसरला. त्यानंतर आईचा उल्लेख करणं शक्यच नव्हतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, "बाईसाहेब, तुमच्या बातमीने माझी नोकरी जाणार होती."

"बातमी खोटी होती का?"

"नाही. छापायची नव्हती."

दुसऱ्या आराखड्यात त्याने खिडकीच्या जागी जाड, धुरकट काचेच्या विटा दाखवल्या. पलीकडचं दिसणार नाही, उजेड येईल. कारण विचारलं तेव्हा 'आधुनिक दिसतं' असं सांगितलं. मालकाला ते आवडलं.

मजलिस फोटोतल्यासारखीच झाली. फक्त शेजारच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून आतलं सगळं दिसायचं. मालकाने काचेला दुहेरी जाड पडदे लावले.

शेवटच्या नकाशासाठी मापं पुन्हा घ्यायची होती. मी दुपारी गेले. आईच्या खोलीत काळोख होता. बंद खोलीसाठी नवा एसी बसवला होता. त्याच्या घरघरीत अजान ऐकू येत नव्हती. आई झोपलेली होती.

"सब उल्टा हो गया, बाजी," मोलकरीण म्हणाली. "शाम को मेहमान आते, उधर बत्तियाँ जलते, तो अम्मा समझते सुबह हो गई. नमाज़ के वज़ू को उठते, नाश्ता माँगते."

"मालिक को बोला?"

"बोली मैं. 'बूढ़ी हो गई, दिमाग़ चल गया,' बोले. अब डॉक्टर की गोली देते."

"दिन में उधर का पर्दा खोल दो."

"कैसे खोलूँ? मर्दाना है. रास्ता बाहर से, चाबी उनके पास."

टेप उघडताच आई जागी झाली. तिने काहीतरी विचारलं.

"फजर हुई क्या, पूछरे."

ती पहाटेच्या नमाजाची वेळ विचारत होती; दुपारचे दोन वाजले होते. मोलकरणीने तिला तसं सांगितलं. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं, काचेच्या विटांवर हात ठेवला. अजून रात्रच आहे, असं ती म्हणाली.

मापं बरोबर होती.