तिसरीचा तोल

अभ्यासक्रम कार्यालयात तिला सगळे कॉमाबाई म्हणत. दुसऱ्यांच्या लिखाणात स्वल्पविराम घालण्यात तिची निम्मी हयात गेली होती. खेळाशी मात्र तिचं कधी जमलंच नाही. शाळेत पी.टी.चा तास आला, की नेमकं तिचं डोकं दुखायला लागायचं.

अशा बाईवर साहेबांनी शारीरिक शिक्षणाचं काम टाकलं. वेगवेगळ्या राज्यांमध्ये तिसरीच्या मुलांना काय काय यायला हवं, ते ताडून बघायचं आणि त्यातलं चांगलं आपल्यासाठी निवडायचं.

"पण मीच का?" तिने विचारलं.

"कारण तुम्ही निःपक्षपाती आहात. कुठल्याच खेळातलं तुम्हाला काही कळत नाही."

कागद पिशवीत कोंबून ती घरी आली आणि ‘तोल’ या पहिल्याच मुद्द्यावर तिची गाडी अडली. एका राज्याने लिहिलं होतं, ‘विद्यार्थी आधाराशिवाय एका पायावर उभा राहतो.’ दुसऱ्याने, ‘विद्यार्थी तोल सांभाळण्याचे महत्त्व सांगतो.’ तिसऱ्याने तर कहरच केला होता. ‘विद्यार्थी तोल सांभाळताना इतरांच्या भावनांचा आदर करतो.’

यातलं सोपं कोणतं नि अवघड कोणतं? वाचून काही उजेड पडेना. शेवटी चपला काढून ती ओट्याशेजारी एका पायावर उभी राहिली. पुढच्याच क्षणी दोन पातेली आणि एक झाकण घेऊन ती खाली बसली.

आवाज ऐकून नवरा आला. तो विमा विकायचा, त्यामुळे बोलण्यात कुणाला हार जायचा नाही. काय झालं ते कळल्यावर खुर्चीत ऐसपैस बसून त्याने तोलाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. आयुष्य, संसार, सगळं त्यात आलं. दुसऱ्या राज्यात हा पहिला येईल, अशी तिने मनात नोंद केली.

तेवढ्यात सासूबाई आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलेले व्यायाम त्या इमानेइतबारे करत. "तिसरीचं आहे ना? त्यात काय एवढं!" म्हणत त्यांनी एक पाय उचलला आणि खांबासारख्या उभ्या राहिल्या. नवऱ्याचं वाक्य अर्धवटच राहिलं.

"तू बोल रे," त्या प्रेमाने म्हणाल्या, "माझं काही लक्ष नाहीये."

म्हणजे इतरांच्या भावनांचा आदरही झाला, तिसऱ्या राज्यातही पास! कॉमाबाई पोट धरून हसली.

समितीच्या बैठकीत तिने पहिलं वाक्य सुचवलं. साहेब म्हणाले, "तिन्ही वाक्यं जोडून टाका. भरदार दिसेल."

"जोडते. स्वल्पविरामही मीच घालीन," ती म्हणाली. "पण आधी एकदा आपण करून बघू या का?"

सगळे आपापल्या चहाच्या कपात डोकावू लागले. साहेब मात्र उठले. कॉलेजात त्यांनी कुस्तीचे आखाडे गाजवले होते, निदान ते तसं सांगायचे. त्यांनी कोट काढला, पाय उचलला, आणि बघता बघता खिडकीच्या पडद्याला मिठी मारली. पडदा दांडीसकट खाली आला.

"हे... सातवीत टाका," पडद्याच्या आतून आवाज आला.

"साहेब, वर्गाबाहेर काढलं तरी तिसरीची पोरं एका पायावर उभी राहतात," कॉमाबाई म्हणाली. "शिक्षा म्हणून नव्हे, मजा म्हणून!"

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. पडद्यातून बाहेर आल्यावर साहेबही हसले. पहिलं वाक्य एकटंच तिसरीत राहिलं, फक्त त्याआधी ‘शक्यतो’ घालायचा हट्ट त्यांनी सोडला नाही. कॉमाबाई त्या शब्दावरून हमरीतुमरीवर आली, पण तिचं काही चाललं नाही.

हल्ली रोज सकाळी ती सासूबाईंच्या शेजारी उभी राहते, ओट्याला एक बोट टेकवून. बोट काही अजून सुटलेलं नाही. पण पातेली जागेवर असतात, आणि सुधारणा आहे असं सासूबाईंचं म्हणणं आहे.