ज्याचं काम त्याच्या नावावर

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. हा तर अजून गेलेलाच नाही.

पुण्यातली नोकरी सोडून मी लोणारला माहेरी आले आणि इथल्याच एका छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात लागले. खताच्या दुकानावरची खोली, तीन टेबलं, तीन माणसं. मालकांना आम्ही दादा म्हणायचो. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरं काही बोलेन असं वाटत नाही. तिसरी होती बीबीहून रोज एसटीनं येणारी एक मुलगी. गावातल्या शाळेतली शिकवण्याची नोकरी सोडून ती आमच्याकडे आली होती. दिवाळीपर्यंत काम पाहू, मग कायम करू, असं दादांनी तिला सांगितलं होतं. हातात सफाई होती तिच्या. मी दोनदा खोडून लिहायचे ते ती एकदाच लिहायची.

साखरखेर्ड्याच्या एका धान्य सफाई केंद्राचं काम आलं. सोयाबीन घेऊन कोणी कोणत्या दिवशी यायचं, ते शेतकऱ्यानं मोबाइलवर ठरवायचं, अशी वेबसाइट. समोर दिसणाऱ्या पडद्यापासून मागच्या डेटाबेसपर्यंत सगळं आम्हीच करणार होतो. दादा म्हणाले, "ताई, तुम्ही कंपनीत राहेल हाय. आपल्या टीमचे नियम तुम्हीच लिहा."

नियमांची गरज होतीच. शेतकऱ्याच्या पाळीला कोडमध्ये दादा 'टोकन' लिहायचे, मी 'नंबर' आणि ती 'बारी'. तिघं तीन दिशांना. ते नाव एक केलं. दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कोणताही बदल चालू साइटवर टाकायचा नाही, असं ठरवलं. आणि सगळ्यात वर लिहिलं: ज्याचं काम त्याच्या नावावर. प्रत्येकानं आपल्याच लॉगिननं काम करायचं, पासवर्ड कुणाला द्यायचा नाही. कारण कोणता बदल कोणी केला आणि किती वाजता केला याची नोंद आपोआप राहते, आणि काही बिघडलं की ती नोंदच बघतात.

दादा हसले. "एका घरात तीन चुली काऊन मांडता, ताई? आपण काय परके हाय का?"

आमच्या तिघांचे पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे दादांच्या अक्षरात लिहिलेले होते. ते तिथंच राहिले. मी दोनदा कुरकुर केली आणि सोडून दिलं.

ऐन सोयाबीनच्या दिवसांत, एका शनिवारी, केंद्रातून फोन आला की सोमवारी दोन मशीन चालणार आहेत, तेव्हा त्या दिवशीचे नंबर वाढवा. ती मुलगी चारची बस धरायला निघून गेली होती, कारण ती चुकली तर पुढची थेट सहाला. तिचा लॅपटॉप सगळ्यात नवा, म्हणून दादा तिच्याच टेबलावर बसले. मी शेजारीच होते. म्हटलं, "दादा, तुमच्या लॉगिननं करा ना." ते म्हणाले, "दोन मिनिटाचं काम हाय." मी माझ्या कामाकडं वळले.

सोमवारच्या नंबरांची मर्यादा वाढवायच्या नादात मर्यादाच उडाली. ज्यानं ज्यानं रविवारी मोबाइल उघडला, त्याला सोमवारच मिळाला. सकाळी केंद्राच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर उभे, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर आजचीच तारीख. लोक चिडले, आणि त्यांनी का चिडू नये? दुपारी केंद्राच्या संचालकांनी आम्हा तिघांना बोलावून घेतलं. समोर पाच-सहा वयस्कर माणसं बसलेली. मुख्य संचालकांनी विचारलं, "कोनं केलं हे?"

दादांनी लॅपटॉपवर नोंद काढली. नाव तिचं होतं. "पोरगी नवीन हाय," दादा म्हणाले, "चुकलं असंन तिच्याकून."

"मंग नवीन मानसाले आमच्या कामावर ठेवू नका," संचालक म्हणाले. "काढा तिले."

दादा मान हलवत होते. ते खोटं बोलत नव्हते. शनिवारी आपण कुठं बसलो होतो, ते साफ विसरले होते. याचाच मला जास्त संताप येतो. खोटं बोलायला निदान आठवावं तरी लागतं. आणि मी? बाहेरच्यांसमोर आपल्या मोठ्या माणसाला खोटं पाडायचं नाही, हे अंगात मुरलेलं. परत जाताना दादांना सांगू, असं मनाशी म्हणत मी टेबलाकडं बघत राहिले.

ती उठली. डब्याच्या पिशवीतून तिकिटांची एक जुडी काढली, त्यातलं शनिवारचं वेगळं केलं आणि संचालकांसमोर ठेवलं. "नोंद चार वीसची हाय," ती म्हणाली. "तवा मी यष्टीत होती. तिकिटावर टाइम पाहा."

दादांनी तिकीट पाहिलं, नोंद पाहिली आणि कपाळाला हात लावला. "अरे हाव, मीच बसलो होतो तिथं. ध्यानातूनच गेलं."

आणि सगळे हसले. मुख्य संचालकसुद्धा. "सॉफ्टवेअरमधी असं होतच राह्यते," म्हणत त्यांनी चहा सांगितला. तिनं केलं तर 'काढा तिले', दादांनी केलं तर चहा. तिची माफी कुणी मागितली नाही. तो चहा मी प्यायले नाही, पण त्यानं कुणाचं काय बिघडलं?

दादा हिशेबाचं बोलायला मागं थांबले. आम्ही दोघी स्टँडवर बसची वाट बघत बसलो. मी विचारलं, "इतकी तिकिटं कशाला ठेवतेस गं?"

"घरी दाखवा लागते. कोनत्या बसनं आली ते."

"बरं झालं पण. आज त्यानंच वाचलीस."

तिनं जुडीला रबर लावलं, पिशवीत ठेवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पन ताई, तुम्ही त तिथंच बसेल होत्या ना."

बस आली. ती पुढं जाऊन बसली, मी मागं. त्या दिवसापासून हा राग दादांवर आहे, असंच मी सगळ्यांना सांगत आले आहे.