लाल ठिपका

बायको सध्या प्रोग्रामिंग शिकते आहे. आज ती पहिल्यांदाच डिबगर, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधायचं साधन, घेऊन बसली होती. चुकतंय असं वाटलं त्या ओळीपाशी तिनं लाल ठिपका ठेवला, आणि धावता प्रोग्राम तिथे निमूट थांबला. मग एकेक ओळ पुढे नेत, त्याच्या पोटात त्या क्षणी काय चाललंय ते ती बघू लागली.

"थांब हं, तुझं कुठे बिनसलंय ते बघू," ती त्याला म्हणाली. इतक्या मऊ आवाजात! माझा नुसता जळफळाट झाला. ऐन भांडणात मला असं थांबवून कधी आत डोकावली आहे ही?

मी चहाचा कप जरा आपटूनच ठेवला.

"काय झालं रे?" पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं.

"काही नाही."

तिला ते लगेच पटलं. ती पुढच्या ओळीवर गेली.